पोट भरलेलं असताना स्वतःचेच ऑर्गनेल पचवणारं यीस्ट : पेक्सोफॅजीचं एक प्रकरण

ऑटोफॅजी म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच कथा वाचायला मिळते. पेशीची उपासमार झाली, नायट्रोजन संपला, मग ती स्वतःचाच माल मोडून खायला लागली. हे खोटं नाहीये, पण एवढंच वाचून थांबलं की डोक्यात बसतं ते असं की ऑटोफॅजी म्हणजे नाइलाज, दुसरं काही उरलं नाही म्हणून केलेला उद्योग. खाली जे प्रकरण मांडतोय ते याच्या बरोबर उलटं आहे. इथे पेशीला उपाशी ठेवलेलं नाही, उलट तिला सगळ्यात सोपं आणि आवडतं खाणं दिलंय, नायट्रोजन भरपूर, ऑक्सिजन भरपूर, आणि तरीसुद्धा पुढच्या काही तासांत ती आपल्या पोटातले सगळ्यात मोठे ऑर्गनेल (पेशीतले छोटे अवयव), म्हणजे पेरॉक्सिझोम, वेचून वेचून पचवून टाकते, यालाच पेक्सोफॅजी म्हणतात. शेजारी मायटोकॉन्ड्रिया तसेच्या तसे, न्यूक्लियस जागच्या जागी. म्हणजे प्रश्न भुकेचा नाही, निवडीचा आहे.

परिस्थिती अगदी साधी आहे. पिकिया पास्टोरिस नावाचं यीस्ट घ्यायचं, ते मिथेनॉलवर वाढवायचं, साधारण अर्धा ते एक टक्का मिथेनॉल, कार्बनचा दुसरा सोर्स नाही. पेशी छान वाढल्या की त्या ग्लुकोज असलेल्या मीडियमवर टाकायच्या. बस, एवढंच. बाकी मीठ, व्हिटॅमिन, नायट्रोजन सगळं आधीसारखं.

(नावाबद्दल एक वाक्य, कारण यात नवीन माणूस हमखास गोंधळतो. लॅबमध्ये ज्याला पिकिया पास्टोरिस म्हणतात त्या कामाच्या स्ट्रेन्स आता कोमागाटेला फाफी या नावाखाली मोडतात. पण पेपरमध्ये, डब्यावर, बोलण्यात अजून पिकियाच चालतं, मीही तेच वापरतोय.)

आता मिथेनॉलवर वाढलेल्या पेशीत आत काय असतं ते नीट बघायला पाहिजे, नाहीतर पुढची मजा कळणार नाही. मिथेनॉल खाणं हे पेशीसाठी तसं घातकच काम. पहिलीच पायरी अशी की अल्कोहोल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम मिथेनॉलचं फॉर्मल्डिहाइड करतं आणि सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. दोन्ही विषारी. म्हणून हा सगळा कारभार पेरॉक्सिझोम नावाच्या एकपदरी मेम्ब्रेनच्या पिशवीत कोंडलेला असतो, तिथेच कॅटालेज बसलेलं असतं ते पेरॉक्साइड लगेच फोडतं, आणि फॉर्मल्डिहाइडपैकी काही तिथेच डायहायड्रॉक्सीॲसिटोन सिंथेज वापरून साखरेच्या वाटेला लावलं जातं, उरलेलं बाहेर सायटोसोलमध्ये, म्हणजे पेशीतल्या द्रवात, जाऊन पुढे कार्बन डायऑक्साइडपर्यंत जळतं. अल्कोहोल ऑक्सिडेजची ऑक्सिजनवरची पकड तशी कमजोर आहे. पकड कमजोर तर उपाय काय, एन्झाइमच ढिगाने बनवायचं. आणि पेशी तेच करते, मिथेनॉलवर वाढताना पेशीतल्या विरघळणाऱ्या प्रोटीनपैकी ३० टक्क्यांपर्यंत हे एकटं एन्झाइम असू शकतं. आठ-आठ सबयुनिटचे गठ्ठे, त्यांची इतकी दाटी की इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली आतमध्ये स्फटिकासारखी जाळी दिसते. भावंडातलं दुसरं यीस्ट, हान्सेन्युला पॉलिमॉर्फा, त्याला मोजूनमापून थोडं थोडं मिथेनॉल देत वाढवलं तर पेशीच्या आकारमानाचा ८० टक्क्यांपर्यंतचा भाग पेरॉक्सिझोमच व्यापतात. म्हणजे पेशी कसली, पेरॉक्सिझोमचं पोतंच. ग्लुकोजवर वाढणाऱ्या त्याच यीस्टमध्ये एखाददुसरा चिमुकला पेरॉक्सिझोम कुठेतरी कोपऱ्यात पडलेला असतो.

तर अशा पेशीला ग्लुकोज मिळालं की हा सगळा डोलारा एका झटक्यात निरुपयोगी होतो. ग्लुकोजला पेरॉक्सिझोम लागतच नाही. पण निरुपयोगी झालं म्हणून ते आपोआप नाहीसं होत नाही ना, एवढं मोठं प्रोटीनचं घबाड आत पडून आहे.

आधी शंका : खरंच मोडतंय, की नुसतं पातळ होतंय?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका हाच लोक उडी मारून पुढे जातात. ग्लुकोज टाकल्यावर अल्कोहोल ऑक्सिडेज कमी झालं, हे कोणीही मोजून दाखवेल. पण कमी व्हायची कारणं एकाहून जास्त आहेत. एक, ग्लुकोज आलं की या एन्झाइमच्या जीनचा प्रमोटर, म्हणजे जीन चालू-बंद करणारा भाग, बंद पडतो, नवीन माल बनणं थांबतं. दोन, पेशी ग्लुकोजवर झपाट्याने वाढतात, जुना माल पिलांमध्ये वाटला जातो. समजा पेशी अडीच तासांत दुप्पट होतायत, तर पाच तासांनी प्रत्येक पेशीच्या वाट्याला जुन्यातला पाव हिस्सा येणार, आणि यात एक रेणूसुद्धा मोडलेला नसणार! त्यामुळे दर मिलिग्रॅम प्रोटीनमागे ॲक्टिव्हिटी पडली असा ग्राफ दाखवून "पेक्सोफॅजी झाली" म्हणणं हे फार ढिसाळ काम आहे. बघायचं असतं ते अख्ख्या फ्लास्कमधलं एकूण एन्झाइम. वाटल्याने हिस्सा कमी होतो, एकूण बेरीज कमी होत नाही. बेरीज घटली तरच काहीतरी मोडतंय.

आणि बेरीज घटते, चांगली दणकून घटते, सहाएक तासांत बरंचसं संपलेलं असतं. पुढचा प्रश्न, मोडतंय कुठे? इथे व्हॅक्युओल येतो, यीस्टमधला तो मोठा गोल फुगा, आतून आम्लधर्मी, प्रोटीन तोडणाऱ्या प्रोटीएज एन्झाइमनी भरलेला, प्राण्यांच्या लायसोसोमच्या जागी यीस्टमध्ये हाच. त्यातली मुख्य दोन प्रोटीएज, ए आणि बी, ज्यांच्यात नाहीत असे म्यूटंट (जीन बिघडलेल्या पेशी) घेतले की पेरॉक्सिझोम व्हॅक्युओलमध्ये जातात पण पचत नाहीत, आत तसेच साठून राहिलेले दिसतात. ही युक्ती या सगळ्या क्षेत्राचा पायाच आहे म्हणा. योशिनोरी ओसुमींनी १९९२ साली साध्या बेकर्स यीस्टमध्ये हेच केलं होतं, प्रोटीएज नसलेल्या पेशी उपाशी ठेवल्या आणि साध्या लाइट मायक्रोस्कोपखाली व्हॅक्युओलमध्ये वळवळणारे गोळे दिसले. पचवणं थांबवलं म्हणून जे क्षणभर असतं ते दिसायला लागलं. पुढे १९९३ मध्ये त्यातूनच ऑटोफॅजी बिघडलेल्या म्यूटंटचा संच मिळाला, आणि २०१६ चं नोबेल. पिकियामध्ये पेरॉक्सिझोमवर हे काम फ्लोरिडामधल्या विल्यम डन यांच्या गटाने केलं, १९९३ आणि १९९५ चे त्यांचे पेपर या प्रकरणाचा मूळ दस्तऐवज म्हणावेत असे आहेत.

मायक्रोस्कोपखाली

पेरॉक्सिझोम दिसावेत म्हणून त्यात जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रोटीन पाठवतात. जीएफपीच्या शेपटाला सेरीन-लायसीन-ल्युसीन ही तीन अमिनो ॲसिड जोडली की पेशी ते आपणहून पेरॉक्सिझोममध्ये नेऊन टाकते, पत्ता लिहिल्यासारखं. व्हॅक्युओलच्या मेम्ब्रेनला एफएम ४-६४ नावाचा लाल रंग. मिथेनॉलवरच्या पेशीत मग चित्र असं दिसतं की एका बाजूला मोठे मोठे हिरवे गोळे एकमेकांना चिकटून, आणि त्यांना खेटून लाल कड असलेला गोल व्हॅक्युओल.

ग्लुकोज टाकलं. थोड्या वेळाने लाल कडेचा गोलपणा बिघडतो. हिरव्या घोळक्याकडची बाजू आत खचते, दोन्ही टोकांनी लाल बाहू बाहेर पडतात आणि घोळक्याच्या अंगाअंगाने पुढे सरकायला लागतात. कधीकधी या बाहूत मध्येच पार्टिशन पडल्यासारखं होऊन व्हॅक्युओलचे कप्पे झालेले दिसतात. बाहू पलीकडे जाऊन एकमेकांना भिडतात, पण शेवटचं दार व्हॅक्युओल एकटा बंद करत नाही. तिथे एक छोटी, चपटी, वेगळी मेम्ब्रेन तयार होते, जपानमधल्या यासुयोशी साकाई यांच्या गटाने तिला मिपा असं नाव दिलं, तिच्यावर एटीजी-८ हे प्रोटीन (एटीजी हे ऑटोफॅजीच्या जीनचं आणि प्रोटीनचं नाव, पुढे येईलच) बसलेलं असतं, आणि ती बाहूंच्या टोकांमधली फट बुजवते. मग अख्खा घोळका एकदम व्हॅक्युओलच्या पोटात. हिरवं हळूहळू पसरट, फिकट होत जातं, कारण पेरॉक्सिझोमची मेम्ब्रेन फुटली आणि आतल्या आम्लात जीएफपीची चमक उतरली. याला म्हणतात मायक्रोपेक्सोफॅजी. नावात मायक्रो असलं तरी होतंय ते चांगलं घाऊक!

आता हेच ग्लुकोजऐवजी इथेनॉल देऊन करा. तीच पेशी, तेच पेरॉक्सिझोम, तोच शेवट, पण रस्ता पूर्ण वेगळा. व्हॅक्युओल जागचा हलत नाही. सायटोसोलमध्येच एका पेरॉक्सिझोमभोवती दुहेरी मेम्ब्रेनची पिशवी विणली जाते, अगदी अंगासरशी, मध्ये सायटोसोलला फारशी जागाच उरत नाही, मग ही पिशवी जाऊन व्हॅक्युओलला जुळते. एका वेळी एक. ही मॅक्रोपेक्सोफॅजी. हान्सेन्युलामध्ये तर ग्लुकोज दिलं तरी हाच एकेकट्याचा रस्ता असतो, मार्टेन वेनहाउस आणि मंडळींनी १९८३ मध्येच ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने दाखवलं होतं, म्हणजे एटीजी जीन कोणाच्या गावीही नव्हते तेव्हा.

एकाच यीस्टमध्ये दोन रस्ते का? साकाईंच्याच गटाने पेशीतला एटीपी, म्हणजे ऊर्जेचं चलन, मोजला, तर ग्लुकोजच्या वेळी तो जास्त असतो आणि एटीपी भरपूर असेल तर मायक्रोचा रस्ता, कमी असेल तर मॅक्रोचा, असा संबंध निघाला. एवढ्या सगळ्या मेम्ब्रेनची हलवाहलव करायला ऊर्जा लागते हे पटण्यासारखं आहे. पण माझ्या मते रस्ता कुठला हा प्रश्न दुय्यम आहे. दोन्ही रस्त्यांनी जातो तो पेरॉक्सिझोमच, दुसरं कोणी नाही. म्हणजे निवड रस्त्याच्या आधीच झालेली असते.

फुली कोण मारतं

इथपर्यंत यायला म्यूटंटची शिकार करावी लागली. पद्धत भारी होती. यीस्टला म्यूटाजेन लावायचं, मिथेनॉलवर वसाहती वाढवायच्या, मग ग्लुकोजवर नेऊन काही तासांनी सगळ्या वसाहती फोडून त्यांच्यावर अल्कोहोल ऑक्सिडेजची रंग येणारी टेस्ट लावायची. नॉर्मल वसाहतीत एन्झाइम संपलेलं, म्हणून रंग नाही. जिथे रंग येतो तिथे पेरॉक्सिझोम शिल्लक आहेत, म्हणजे पचवण्याची यंत्रणा बिघडलेली. हजारो वसाहतींत मोजक्या रंगतात, त्या धरायच्या. डन यांच्या गटाने अशा म्यूटंटना जीएसए नाव दिलं, साकाईंनी पॅझ, हान्सेन्युलावाल्यांनी पीडीडी, तिकडे बेकर्स यीस्टमध्ये एपीजी, एयूटी, सीव्हीटी अशी वेगळीच नावं, आणि यातले कितीतरी जीन एकच निघाले. २००३ मध्ये सगळ्यांनी बसून एटीजी हे एकच नाव ठरवलं तेव्हा कुठे जुने पेपर वाचणाऱ्यांचं डोकं ठिकाणावर आलं. तरी १९९० च्या दशकातला पेपर उघडला की शेजारी नावांचा तक्ता लागतोच.

या यादीतले बरेचसे एटीजी जीन हे सामायिक यंत्र आहेत. एटीजी-१ हा कायनेज (दुसऱ्या प्रोटीनला फॉस्फेट लावणारं एन्झाइम), एटीजी-९ मेम्ब्रेन आणणारा, एटीजी-८ तर सगळ्यांचा लाडका, ११७ अमिनो ॲसिडचं छोटं प्रोटीन, त्याचं शेवटचं आर्जिनीन कापून त्याला मेम्ब्रेनमधल्या एका लिपिडला, फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमीनला, जोडून टाकतात. उपासमारीतही हेच, पेरॉक्सिझोमलाही हेच. यांना निवड-बिवड काही कळत नाही. पण एटीजी-११ चं वागणं वेगळं, उपासमारीच्या सरसकट ऑटोफॅजीत त्याच्यावाचून अडत नाही, निवडक कामात मात्र अडतं. म्हणजे एटीजी-११ कोणाला तरी पकडतं, आणि तो "कोणीतरी" पेरॉक्सिझोमवर बसलेला असला पाहिजे.

तो २००८ मध्ये सापडला. सॅन डिएगोमधल्या सुरेश सुब्रमणी यांच्या गटाने पिकियात एटीजी-३० दाखवला. हे प्रोटीन पेरॉक्सिझोमच्या मेम्ब्रेनवरच्या पेक्स-३ आणि पेक्स-१४ या प्रोटीनना धरून बसतं आणि दुसऱ्या बाजूने एटीजी-११ ला. ते काढून टाकलं तर ग्लुकोज द्या नाहीतर इथेनॉल द्या, पेरॉक्सिझोम जात नाहीत, दोन्ही रस्ते बंद. आणि खरी गंमत उलट्या प्रयोगात आहे : एटीजी-३० गरजेपेक्षा जास्त बनवायला लावलं तर पेशी मिथेनॉलवर असतानाही, म्हणजे पेरॉक्सिझोमची नितांत गरज असतानाही, त्यांना पचवायला लागते. पाडायच्या भिंतीवर खडूने फुली मारावी तशी ही फुली, पाडणाऱ्याला भिंत कामाची आहे का हे विचारायचं कारण नाही, फुली दिसली की घण घालायचा. मला या सगळ्या प्रकरणात हाच प्रयोग सगळ्यात बोलका वाटतो, कारण गरज आणि निवड या दोन गोष्टी इथे एकमेकींपासून सुट्या होऊन दिसतात.

मग साहजिक पुढचा प्रश्न, एटीजी-३० मिथेनॉलच्या वेळी पण पेरॉक्सिझोमवर असतंच की, तेव्हा का नाही पचत? उत्तर फॉस्फेटमध्ये आहे. ग्लुकोज किंवा इथेनॉलवर नेल्यावर एटीजी-३० वर फॉस्फेट लागतो. त्यातलं ११२ व्या जागेवरचं सेरीन महत्त्वाचं, तिथे फॉस्फेट लागला तरच एटीजी-११ नीट धरतं. त्या सेरीनच्या जागी ॲलनीन घातलं, जिथे फॉस्फेट लागूच शकत नाही, की खेळ खलास. २०१३ मध्ये त्याच गटाने आणखी दाखवलं की एटीजी-८ ला धरणारा जो छोटा तुकडा असतो त्याच्या अलीकडेच दुसरी फॉस्फेटची जागा आहे. म्हणजे एकाच रिसेप्टरवर (माल ओळखून तो यंत्रणेला जोडून देणाऱ्या प्रोटीनवर) दोन बटणं, एक एटीजी-११ साठी, एक एटीजी-८ साठी.

फॉस्फेट लावणारा कायनेज एचआरआर-२५. आता हा काही पेक्सोफॅजीचा खास नोकर नव्हे, पेशीत त्याला इतर पन्नास कामं आहेत. त्यामुळे त्याला एटीजी-३० पर्यंत कधी पोहोचू द्यायचं हे दुसऱ्यांनी ठरवायचं, आणि इथे पेक्स-३ आणि एटीजी-३७ यांची रस्सीखेच चालते. २०१८ च्या कामातून असं दिसलं की पेक्स-३ एचआरआर-२५ ला फॉस्फेट लावायला मदत करतं आणि एटीजी-३७ अडवतं. एटीजी-३७ पुन्हा मेम्ब्रेनमधलं प्रोटीन, फॅटी ॲसिडचे कोएन्झाइम-ए जोडलेले रेणू पकडणारं. ज्या ऑर्गनेलचं कामच फॅटी ॲसिड जाळणं हे आहे त्याच्या मेम्ब्रेनवर असं प्रोटीन बसून फुलीवर लक्ष ठेवतंय, हे वाचलं की वाटतं पेरॉक्सिझोम कामात आहे का रिकामा हे बघायची सोय इथेच कुठेतरी असावी. हा माझा अंदाज, प्रयोगाचा निष्कर्ष म्हणून घेऊ नका.

दोन विचित्र आरोपी

जीएसए म्यूटंटमधला पहिलाच जीन जेव्हा ओळखला तेव्हा निघालं काय, तर फॉस्फोफ्रक्टोकायनेजचं अल्फा सबयुनिट. ग्लायकोलिसिसचं एन्झाइम! पहिला विचार कोणाच्याही मनात हाच येईल की बरोबर आहे, ग्लुकोज जाळता येत नाही, म्हणून सिग्नल पोहोचत नाही. पण १९९७ मध्ये डन यांच्या गटाने त्या सबयुनिटची एन्झाइम म्हणून असलेली ताकद मारून टाकली, नुसता सांगाडा ठेवला, आणि तरीही पेक्सोफॅजी परत सुरू झाली. म्हणजे त्या प्रोटीनचं इथलं काम साखर फोडण्याचं नाहीच. आणि हे फक्त ग्लुकोजच्या मायक्रो रस्त्यालाच लागतं. दुसरीकडे ग्लुकोज आलंय हे बाहेरूनच ओळखणारा जीएसएस-१ हा सेन्सर, तो नसला तरी पेक्सोफॅजी बिघडते, आणि त्याच सेन्सरवर जीन बंद करण्याचं कामही अवलंबून आहे. म्हणजे "नवीन बनवू नको" आणि "जुनं मोडून टाक" हे दोन हुकूम निदान सुरुवातीला एकाच दारातून आत येतात.

दुसरा आरोपी एटीजी-२६, स्टेरॉलला ग्लुकोज चिकटवणारं एन्झाइम. पिकियात मिथेनॉलवर फुगलेल्या मोठ्या पेरॉक्सिझोमसाठी ते हवंच. पण त्याच पिकियात दुसरं काहीतरी खायला देऊन लहान पेरॉक्सिझोम बनवले की त्याची तितकी गरज उरत नाही, आणि बेकर्स यीस्टमध्ये तर नसलं तरी काही बिघडत नाही. मोठी वस्तू गुंडाळायला मोठी मेम्ब्रेन लागते, लहानीला साधी यंत्रणा पुरते, असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो. इतर ठिकाणी एखादा जीन "गरजेचा" आणि "बिनगरजेचा" अशी भांडणं दिसली की वस्तूचा आकार आधी विचारावा.

सगळे जातात का

नाही. हान्सेन्युलामध्ये हे फार स्पष्ट दिसतं, मोठे मोठे सगळे गेले तरी एखाददुसरा लहान पेरॉक्सिझोम शिल्लक ठेवला जातो. पेशीला नंतर परत मिथेनॉल मिळालं तर तिथूनच वाढवता येईल, अगदी शून्यातून सुरुवात करायला नको. म्हणजे निवड नुसती "पेरॉक्सिझोम की मायटोकॉन्ड्रिया" इतकी जाड नाहीये, पेरॉक्सिझोममधलाही कुठला हे ठरतंय.

याच यीस्टमध्ये एक गोष्ट पिकियाच्या कथेला जरा तिरकी जाते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं की हान्सेन्युलात मोडायला घेतलेल्या पेरॉक्सिझोमवरून पेक्स-३ आधी काढून टाकलं जातं, आणि ते काढणं अडवलं तर पुढचं गुंडाळणं होत नाही. पिकियात मात्र एटीजी-३० ला बसायला पेक्स-३ च लागतं. एकीकडे पेक्स-३ गेल्याशिवाय काम होत नाही, दुसरीकडे पेक्स-३ असल्याशिवाय. दोन्ही प्रयोग चांगले आहेत, यीस्ट वेगळी आहेत, पायऱ्यांचा क्रमही वेगळा असू शकतो. उगाच ओढूनताणून एकच चित्र बनवू नये असं माझं मत. पेक्स-१४ दोघांच्याही कथेत आहे, हान्सेन्युलामध्ये त्याचं सुरुवातीचं टोक नसेल तर पेरॉक्सिझोम मोडतच नाहीत.

बेकर्स यीस्टमध्ये पेरॉक्सिझोम ओलेइक ॲसिडवर वाढवतात (मिथेनॉल त्याला पचत नाही), आणि मग ग्लुकोजवर टाकताना सहसा नायट्रोजनही काढून घेतात. तिथला रिसेप्टर एटीजी-३६, २०१२ मध्ये सापडला. त्याचा सीक्वेन्स एटीजी-३० शी जुळवायला गेलात तर हाताला फारसं काही लागत नाही, पण वागणं सेम : पेक्स-३ वर बसतो, एचआरआर-२५ त्याला फॉस्फेट लावतं, एटीजी-११ येऊन धरतं. मायटोकॉन्ड्रियासाठी एटीजी-३२, २००९ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवलेला, तो बाहेरच्या मेम्ब्रेनमध्ये रोवलेला असतो आणि त्याला फॉस्फेट लावणारा कायनेज वेगळा, केसीन कायनेज-२, जागा सेरीन ११४ आणि ११९. इआरसाठी (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, पेशीतलं मेम्ब्रेनचं जाळं) २०१५ मध्ये एटीजी-३९ आणि एटीजी-४० निघाले, पहिला न्यूक्लियसभोवतीच्या इआरवर, आणि त्याच्यामार्फत न्यूक्लियसचाही थोडा भाग जातो, दुसरा मुख्यतः पेशीच्या कडेच्या इआरवर. म्हणजे एकाच सलग जाळ्याच्या दोन भागांना दोन वेगळे रिसेप्टर. प्राण्यांमध्ये या कामात युबिक्विटिन या छोट्या प्रोटीनचा शिक्का आणि एनबीआर-१ सारखे रिसेप्टर जास्त पुढे येतात, यीस्टचा कल थेट मेम्ब्रेनवर बसलेल्या रिसेप्टरकडे आहे.

हे प्रकरण स्वतः करून बघायचं असेल तर

मिथेनॉलवर पिकियातून प्रोटीन काढणाऱ्या लोकांना हा विषय अधूनमधून आडवा येतोच. इंडक्शन (मिथेनॉल देऊन प्रोटीन बनवून घेणं) चालू असताना मीडियममध्ये ग्लुकोज आलं तर प्रमोटर बंद होतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण आधी बनलेले पेरॉक्सिझोमसुद्धा पेशी मोडायला घेते आणि नंतर मिथेनॉल परत दिल्यावर ती लगेच का उचल खात नाही याचं एक कारण तिथे असू शकतं, हे फारसं कोणी बोलत नाही. मोजताना तीन गोष्टी सोबत ठेवाव्यात. फ्लास्कमधलं एकूण एन्झाइम, दर पेशीमागचं नव्हे. शेजारी एक एटीजी-१ नसलेली किंवा व्हॅक्युओलची प्रोटीएज नसलेली स्ट्रेन, म्हणजे नुसतं बनणं थांबल्यामुळे किती फरक पडतो ते वेगळं कळतं. आणि जीएफपी वापरत असाल तर वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रोटीन आकारानुसार वेगळी करून ओळखायची पद्धत) २७ किलोडाल्टनच्या आसपास सुटं जीएफपी दिसतंय का ते, कारण पेरॉक्सिझोमचं प्रोटीन व्हॅक्युओलमध्ये पचलं तरी त्याला जोडलेलं जीएफपी बराच वेळ टिकतं, तो सुटा बँड म्हणजे माल व्हॅक्युओलपर्यंत पोहोचला याचा पुरावा.

आणि पेक्स-३ चं काम तपासायचं म्हणून सरळ पेक्स-३ नसलेला म्यूटंट घेऊ नका. त्यात मुळात पेरॉक्सिझोमच बनत नाहीत, मग मोडणार काय. याच अडचणीमुळे बेकर्स यीस्टमध्ये आणि नंतर २०१५ मध्ये पिकियातही पेक्स-३ चे असे बदललेले प्रकार शोधावे लागले ज्यांच्यात पेरॉक्सिझोम बनतात व्यवस्थित, पण रिसेप्टरला धरायची जागा तेवढी बिघडलेली असते. अशा पेशीत ग्लुकोज दिल्यावरही पेरॉक्सिझोम आहेत तिथेच राहतात.